लेकीला कोडिंगऐवजी लायसन्सची यादी दिली

ताई, सप्रेम नमस्कार.

डिचोलीहून तुमचं पत्र मिळालं. मुलगी फर्मागुढीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करते, वेर्ण्यात राउटर बनवणाऱ्या कंपनीत इंटर्नशिपला लागली आणि तिथं तिला ओपन सोर्स (मूळ कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोग्रॅमच्या लायसन्सची यादी करायला बसवलंय. ‘कारकुनीच करायची तर पुढं एलएलबी तरी करू दे,’ असं तुम्ही म्हणता.

कारकुनी नव्हे हो! राउटरच्या पोटात बहुधा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि बिझीबॉक्स हा छोट्या कमांडचा संच असतो, दोन्ही जीपीएल नावाच्या ओपन सोर्स लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली. पैसे पडत नाहीत, पण अट आहे: राउटर विकलात की त्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ कोड) सोबत द्या, नाहीतर मागेल त्याला देऊ असं किमान 3 वर्षं चालणारं लेखी वचन द्या. अट मोडली की तो प्रोग्रॅम वितरित करायचा हक्कच जातो आणि कॉपीराइटभंगाचा दावा उभा राहतो. जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेनं 2008 साली सिस्को कंपनीवर असाच दावा लावला होता, तिच्या लिंकसिस या शाखेच्या राउटरांवरून. 2009 मध्ये तडजोड झाली, तीत लिंकसिससाठी लायसन्सच्या अटी पाळण्याचं हेच काम पाहणारा एक अधिकारी नेमायचं ठरलं. म्हणजे तुम्ही जिला कारकुनी म्हणता, त्यासाठी स्वतंत्र पद निघालं.

यादी मात्र फॉसॉलॉजी, स्कॅनकोडसारखी टूल्सही काढून देतात. तेवढ्यावरच लेक थांबली तर तुमची काळजी खरी. खरं काम पुढं आहे. गिऱ्हाइकाला द्यायचा कोड विकलेल्या राउटरमधलाच आहे की जुन्या आवृत्तीचा? बिल्डच्या, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करायच्या, स्क्रिप्ट सोबत आहेत का? चिप पुरवणाऱ्यानं सोर्सऐवजी नुसती बायनरी (मशीनलाच वाचता येणारी तयार फाइल) हातावर ठेवली असेल तर? कोऱ्या मशीनवर तो कोड बिल्ड करून बघितल्याशिवाय याची उत्तरं मिळत नाहीत, आणि त्याला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा, मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल), लिनक्स चांगलं यावं लागतं. वकिलाला हे जमणं कठीण, म्हणून एलएलबीची घाई नको. दोन-तीन वर्षं नोकरी करून ओढ वाटली तर बघू.

या कामाची मागणी वाढतेय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं 2024 मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकयादीबद्दल (आत कोणकोणते प्रोग्रॅम वापरलेत त्या यादीबद्दल) मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी निव्वळ या कामाच्या जागा गोव्यात मोजक्याच, पुण्या-बंगळुरूची तयारी ठेवा.

सध्या तिनं साहेबांकडून एका मॉडेलचा पूर्ण सोर्स मागून घ्यावा, बिल्ड करावा आणि काय अडलं ते दोन पानांत लिहून द्यावं. इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटवर नेमकं हेच काम नमूद करून घ्यायला सांगा.