'श्टाट्सआनगेह्योरिगकाइट'ला राष्ट्रीयत्व म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की १९व्या शतकातल्या जर्मनीवरचा लेख मराठीत करताना 'श्टाट्सआनगेह्योरिगकाइट' या भल्यामोठ्या जर्मन शब्दाला राष्ट्रीयत्व लिहायचं की नागरिकत्व, आणि 'ब्यूर्गर'ला नागरिक चालेल का.

राष्ट्रीयत्व नको, प्लीज. शब्द फोडून बघा ना, श्टाट म्हणजे राज्य आणि आनगेह्योरिग म्हणजे त्यातला, त्याच्याकडचा. राष्ट्र कुठेच नाहीये. आता म्हणाल काय खुसपट काढतेय, पण त्या शतकात जर्मन राष्ट्र आणि जर्मन राज्य यांच्या हद्दी कधी जुळल्याच नाहीत. तत्त्वज्ञ फिख्टे १८०७-०८च्या हिवाळ्यात फ्रेंचांच्या ताब्यातल्या बर्लिनमध्ये जर्मन राष्ट्राला उद्देशून व्याख्यानं देत होता तेव्हा त्या नावाचं राज्यच नव्हतं, राष्ट्र होतं ते भाषेत. कागदावर माणूस प्रशिया नाहीतर बव्हेरिया अशा एखाद्या वेगळ्या जर्मन राज्याचा. अगदी १८७१मध्ये साम्राज्य झाल्यावरसुद्धा आधी सॅक्सनीचे किंवा प्रशियाचे व्हायचं आणि म्हणून जर्मन व्हायचं असाच प्रकार. म्हणजे प्रशियाच्या ताब्यातल्या पोझेनचा पोलिश बोलणारा शेतकरी आत आणि ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाचा जर्मन बोलणारा प्रोफेसर बाहेर! इथे 'राष्ट्रीयत्व' लिहिलंत की वाचकाला हा घोळ दिसणारच नाही.

'पण जर्मनांचं नागरिकत्व तर रक्ताच्या नात्यावर होतं ना' असं हमखास कोणीतरी म्हणतं. होतं, पण ते आलं कुठून ते बघा. प्रशियाचा कायदा ३१ डिसेंबर १८४२चा, औरस मूल बापाच्या राज्याचं, कुठेही जन्मलं तरी. आणि त्याच दिवशी आणखी दोन कायदे झाले, एक गावात नव्याने राहायला येणाऱ्यांबद्दल आणि एक गरिबांना कोणी पोसायचं त्याबद्दल. तर मोठा प्रश्न रक्ताबिक्ताचा नव्हता, भिकेला लागलेला माणूस कोणाच्या गळ्यात पडणार हा होता. शिवाय परवानगी न घेता दहा वर्षं परदेशात राहिलात की हक्क गेला, मग रक्ताचं एवढं कौतुक कुठलं? ही दहा वर्षांची अट १९१३च्या कायद्याने काढली, परदेशात गेलेल्यांची पोरंबाळं जर्मनच राहिली आणि जर्मनीतच जन्मलेल्या परक्यांच्या मुलांना मात्र आपोआप काही मिळालं नाही. राष्ट्रवाद कायद्यात खरा शिरला तो इथे.

१८४२च्या कायद्यात शब्द आहे 'उंटरटान', त्याला सरळ प्रजाजन म्हणा, रयतसुद्धा शोभेल.

ब्यूर्गरच्या बाबतीत मराठीचं नशीब चांगलं आहे, तो बुर्गवरून म्हणजे तटबंदीच्या गावावरून आलाय आणि आपला नागरिक नगरावरून. पण शहरात राहतो तो ब्यूर्गर असं नव्हतं हं. प्रशियाच्या १८०८च्या शहर-कायद्यात रहिवाशांचे दोन गट आहेत, ब्यूर्गर आणि 'शुट्सफेरवांट' म्हणजे नुसते आश्रयाने राहणारे. मला हे वाचताना आपल्या जुन्या गावांतले वंशपरंपरेने हक्क असलेले मिरासदार आणि बाहेरून आलेले उपरी आठवले (तुलना ओढूनताणून नका नेऊ, तिकडे ब्यूर्गरकी अर्ज करून मिळवताही यायची). मध्यमवर्गाबद्दल चाललं असेल तर ब्यूर्गर म्हणजे बूर्ज्वा, तिथे नागरिक लिहिलं की वाक्य फसतं. 'श्टाट्सब्यूर्गर' असेल तर मात्र बिनधास्त नागरिक लिहा. १८१२च्या फर्मानात प्रशियाने तिथल्या ज्यूंना हाच शब्द दिला, त्याचं भाषांतर प्रजाजन केलंत तर सगळी गंमतच गेली, कारण प्रजा ते आधीही होतेच.

तर तुमच्या लांबलचक शब्दाला नागरिकत्व ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'त्या-त्या राज्याचं नागरिकत्व' असं लिहा. लेखात 'फोल्क' आला तर काय करायचं ते मला विचारू नका, 'लोक' फार पातळ होतं आणि 'वंश' फार भडक, मी तरी फोल्कच ठेवते.