आगीनंतर मदतीला जाताना

अगं, तुझा मेसेज वाचला. शनिवारी वस्तीत जातेयस आणि काय काय नेऊ विचारतेस. जुने कपडे नको नेऊस, खरंच नको. वस्तीला आग लागली की दुसऱ्या दिवशी तिथे कपड्यांचा ढीग पडतो, त्यात कोणाचा तरी लग्नातला कोट आणि एकेका पायाचे बूट, आणि शेवटी ते उचलायला कचऱ्याची गाडी येते. न्यायचंच असेल तर नवे आतले कपडे, पॅड, बादल्या, टॉर्च आणि एक जाड वही ने.

वही का सांगते. कांदिवलीचं दामूनगर डिसेंबर २०१५ मध्ये जळलं, पुण्यातली पाटील इस्टेट नोव्हेंबर २०१८ मध्ये, आणि अशा प्रत्येक आगीत घराबरोबर कागदही जातात. पहिले काही दिवस जेवण पोत्यांनी येतं, पुढारी येतात, मग सगळे पांगतात आणि लोकांची खरी धावपळ तेव्हा सुरू होते. आधार, पासबुक, रेशन कार्ड, मार्कशीट, काहीच हातात नाही आणि प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न "प्रूफ आहे का?". तू त्या टेबलांपर्यंत सोबत जा, तेवढं केलंस तरी खूप.

यात क्रम असतो बघ. आधी सिम, कारण फोन जळलेला असतो आणि आधारला, बँकेला सगळीकडे ओटीपी लागतो. आधार नंबर पाठ नसेल तर शाळेत, बँकेत, रेशन दुकानात लिहिलेला असतोच कुठेतरी. त्याच नंबरचं नवीन सिम मिळालं की पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात, हे आधीच सांगून ठेव नाहीतर माणसं दिवसभर ओटीपीची वाट बघत बसतात आणि चिडतात (बरोबरच आहे त्यांचं). दहावीची मार्कशीट डिजिलॉकरमध्ये, म्हणजे कागदपत्रांच्या सरकारी ॲपमध्ये बघ, तिथे नसेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे डुप्लिकेटचा अर्ज.

पंचनामा व्हायच्या आधी कोणाला साफसफाई करू देऊ नकोस, निदान फोटो तरी काढून ठेव. आणि इथे एक गोष्ट नीट बघ, भाडेकरू. खोली ज्याच्या नावावर तो बऱ्याचदा दुसरीकडेच राहत असतो, यादीत नाव त्याचं लागतं, आणि ज्या बाईचा संसार जळला ती कुठेच नाही. वहीत खोलीवार लिही, मालक कोण, राहत कोण होतं, माणसं किती, काय काय होतं, आणि शेजारच्या दोघांच्या सह्या घे. तलाठी किंवा वॉर्डचा माणूस आला की वही समोर धर, भांडू नकोस, फक्त नाव सुटलं की शांतपणे म्हण, साहेब हे राहिलं. चिकाटीने म्हणत राहिलं तर ऐकतात, निदान काही जण तरी.

जळलेल्या नोटा कोणी फेकत असेल तर थांबव. उलगडायच्या नाहीत, आहेत तशा डब्यात ठेवायच्या. फारच करपलेल्या नोटा साध्या शाखेत घेत नाहीत, त्या बदलून घ्यायला रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसमध्ये न्यायच्या, आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहे. बायका राख चाळत बसतील, मंगळसूत्राची वितळलेली गोळी कधी कधी सापडते. त्यांना घाई करू नकोस, चाळणी आणून दे.

सिलेंडरमुळे आग लागली असेल तर गॅस एजन्सीला लगेच लेखी कळवायला सांग. गॅस कंपन्यांचा अपघाताचा विमा असतो, ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही, आणि हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं.

आणि औषधं! हे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं आणि मी शेवटी लिहितेय. टीबीच्या गोळ्या कोणाच्या चालू होत्या ते हळूच, एकटं गाठून विचार, लोक चारचौघांत सांगत नाहीत. गोळ्यांमध्ये खंड पडता कामा नये, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बीपी, शुगरचंही तेच, आणि म्हाताऱ्यांचे चष्मे.

कोणी तुझ्यावर ओरडलं तर मनावर घेऊ नकोस. पोरांचे रडके फोटो स्टेटसला टाकू नकोस, तुझ्या ग्रुपमधल्यांनाही सांग. "सगळं ठीक होईल" वगैरे तर अजिबात म्हणू नकोस, तुला काय माहीत ठीक होईल का. चहा घेऊन बाजूला बस.

पुढच्या शनिवारी परत जाणार असशील तरच नंबर दे लोकांना. आणि जाड तळाचे बूट घाल, जळलेला पत्रा फार कापतो, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तुझं ते आईला विचार.

— ताई