नर माशीचं नाक आणि अकरावीचं गणित

प्रश्न: मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली. महाबळेश्वरजवळ आमच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. नर आणि कामकरी माशीला वास वेगळे का येतात, त्यामागची जनुकं कोणती, हेच शिकायचं म्हणते. गणित सोडून पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) ठेवलं तर चालेल का? पुढे बी.एस्सी. कृषीला घालावं का? – एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर: गणित सोडू देऊ नका. कारण तिच्या प्रश्नातच आहे.

नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याची गुणसूत्रं 16, राणी आणि कामकरी या माद्यांची 32. माणसासारखं वेगळं ‘वाय’ गुणसूत्र मधमाशीत नसतं, त्यामुळे नराची म्हणून निराळी जनुकं शोधायला गेलं की फसगत होते. युरोपीय मधमाशीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा जनुकसंच, 2006 साली प्रसिद्ध झाला, त्यात गंधग्राहींची, म्हणजे वास ओळखणाऱ्या प्रथिनांची, सुमारे 170 जनुकं मिळाली. ती नरातही आहेत, मादीतही. फरक पडतो कोणतं जनुक किती चालू आहे याने. माशी वास मिशांनी घेते; नराच्या मिशांमध्ये ओआर-11 हे जनुक कामकरीपेक्षा कितीतरी जास्त चालतं. त्याचा ग्राही राणीच्या गंधातला मुख्य घटक, 9-ओडीए, ओळखतो, हे 2007 साली दाखवलं गेलं. हवेत उडणारी राणी गाठायची तर नराला नेमका हाच वास लागतो.

मग ‘किती चालू’ हे मोजायचं कसं? मिशा कापून लगेच गोठवायच्या, आरएनए (चालू जनुकाची नक्कल) काढायचा, त्याचं सिक्वेन्सिंग करायचं, म्हणजे त्यातली अक्षरं वाचायची, आणि लाखो तुकड्यांची मोजदाद संगणकावर करायची. संख्याशास्त्र लागतं ते इथे. कोवळी माशी आणि चरायला जाणारी माशी एकत्र घेतली तर वयाचा फरक लिंगाचा वाटतो. राणी अनेक नरांशी मीलन करते, त्यामुळे एका पेटीतल्या कामकरी माश्याही बऱ्याचशा सावत्र बहिणी असतात. नमुने निवडताना हे विसरलं तर आकडे गोंधळ घालतात. संशोधकाचा बराच वेळ पेटीपुढे नाही, पडद्यापुढे जातो. हे तिला आत्ताच सांगा.

कृषी पदवी वाईट नाही. पालन, परागीभवन, कीटकशास्त्र यांसाठी ती उत्तम, पण तिच्या प्रश्नाला आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांचं बीएस-एमएस (पाच वर्षांची जोड पदवी) जास्त जवळचं. तिथली आयएटी ही प्रवेश परीक्षा 60 प्रश्नांची, 240 गुणांची असते. चार विषयांचे प्रत्येकी 15 प्रश्न, बरोबरला 4, चुकल्यास वजा 1. पीसीबीवालेही बसू शकतात, फक्त गणिताचे 60 गुण जवळजवळ सोडून द्यावे लागतात. तिथे जमलं नाही तर बायोटेक किंवा प्राणिशास्त्रात बी.एस्सी., मग जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. पीएच.डी.साठी नेट-जेआरएफ ही शिष्यवृत्तीची परीक्षा (सध्या दरमहा 37,000 रुपये, अधिक घरभाडे) किंवा जेजीबिल्स ही जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा. बारावीनंतर दहा-अकरा वर्षं धरून चाला.

भारतात कीटकांच्या वासाच्या जनुकशास्त्राची जुनी परंपरा आहे ती फळमाशीवर: मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी 1970 च्या दशकात ते काम केलं. सुरुवातीला मधमाशीऐवजी फळमाशी वाट्याला आली तर तिने नाराज होऊ नये. तंत्र तेच आहे.

तोवर घरी करण्यासारखं बरंच आहे. पेटीत नर दिसू लागले की पाच मेलेले नर आणि पाच कामकरी 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचे (वाळल्या की मिशा मोडतात) आणि दहापट भिंगाखाली मिशीचे खंड मोजायचे. कामकरीचे 12, नराचे 13 यायला हवेत. 11 आणि 12 आले तर लांब दांड्यानंतरचा दुसरा, बारकासा खंड मोजायचा राहिला असं समजावं.