जनुकीय संशोधनासाठी लाख-दोन लाख लोकांचा कोहॉर्ट (वर्षानुवर्षं नजर ठेवायचा समूह) उभारायचा तर सुरुवात कुठून करावी? सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनए वाचण्याचं, मशीन कोणतं घ्यावं?

मशीनचा प्रश्न मी यादीत सर्वांत शेवटी ठेवेन. डीएनए नीट गोठवलेला असेल तर तो दहा वर्षांनीही वाचता येतो, आणि तोवर वाचनाचा खर्चही उतरलेला असतो. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या अशाच प्रकल्पाने पाच लाख लोकांची भरती २००६ ते २०१० मध्ये केली आणि जवळपास सगळ्यांचे संपूर्ण जीनोम (एखाद्याचा सगळा डीएनए) २०२३ मध्ये संशोधकांना खुले झाले. रक्त काढल्यानंतरचे पहिले काही तास मात्र पुन्हा मिळत नाहीत. खरा कस तिथे लागतो.

आधी आकडा. हजारात वर्षाला एकाला होणारा आजार धरा. दहा हजार लोकांवर दहा वर्षं नजर ठेवली तर जेमतेम शंभर रुग्ण हाती येतात. पाच लाखांत पाच हजार. जीनोमभर शोध घेताना लाखो जागा एकदम तपासल्या जातात, म्हणून सापडलेला संबंध निव्वळ योगायोग असण्याच्या शक्यतेवर आपण ५×१०⁻⁸ इतका कडक निकष लावतो, त्यामुळे शंभर रुग्णांत बारीक परिणामाचे जनुकीय बदल दिसतच नाहीत. म्हणून कोणत्या आजारांसाठी हा खटाटोप, ते ठरल्याशिवाय संख्या ठरवू नका.

बोलावलेले सगळे येत नाहीत, हेही गृहीत धरा. यूके बायोबँकने सुमारे ९२ लाख लोकांना पत्रं पाठवली, आले साधारण ५.५ टक्के, आणि तेही सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त निरोगी. अशा समूहावरून ‘समाजात मधुमेह किती’ हे सांगू नये. शिवाय एकाच वंशाच्या लोकांची भरती झाली तर त्यावर बेतलेले, जनुकांवरून आजाराची जोखीम सांगणारे गुण इतरांना नीट लागू पडत नाहीत. ही उणीव नंतर गणिताने भरून निघत नाही.

आता नळ्या. सीरमची (रक्त साकळल्यावर उरणाऱ्या द्रवाची) नळी आधी भरायची, जांभळ्या झाकणाची ईडीटीएची (रक्त साकळू न देणाऱ्या रसायनाची) नंतर. क्रम उलटा झाला आणि ईडीटीएचा अंश सीरममध्ये गेला, तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. ईडीटीएची नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करा. जोरात हलवली की तांबड्या पेशी फुटतात. सीरमच्या नळीतलं रक्त साकळायला अर्धा तास द्या, मग ती सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवून द्रव वेगळा करा. न फिरवलेल्या रक्तात पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. मग फ्रिजमध्ये ठेवलं की झालं, असं वाटतं. पण थंडीत पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. जवळच्या केंद्रातल्या नळ्या चार तासांत आणि लांबच्या चोवीस तासांत पोहोचल्या, तर विश्लेषणात दोन भागांतल्या माणसांमध्ये ‘फरक’ सापडतो. तो माणसांचा नसतो, गाडीच्या वेळापत्रकाचा असतो! म्हणून प्रत्येक नळीची सुई टोचल्याची, फिरवल्याची आणि गोठवल्याची अशा तिन्ही वेळा नोंदवा.

प्लाझ्मा (न साकळलेल्या रक्तातला द्रव), सीरम आणि बफी कोट (पांढऱ्या पेशींचा थर, डीएनए यातूनच काढायचा) अर्ध्या-अर्ध्या मिलीलिटरच्या कुप्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा, म्हणजे एका चाचणीसाठी सगळा साठा वितळवावा लागत नाही. कागदी लेबलं त्या थंडीत गळून पडतात. तळाला कायमचा कोरलेला बारकोड असलेल्या कुप्या घ्या. निम्म्या कुप्या दुसऱ्या इमारतीत, वेगळ्या वीजजोडणीवर ठेवा.

प्रयोगशाळेतली सर्वांत महागडी चूक अगदी साधी असते: रुग्णांचे नमुने एका प्लेटवर, निरोगींचे दुसऱ्या. मग प्लेटचा दोष आजाराचा जनुक म्हणून मिरवतो. ९६ घरांच्या प्लेटवर नमुने चिठ्ठ्या टाकल्यासारखे विखुरलेले हवेत. डीएनएतून दिसणारं लिंग नोंदीशी ताडून बघा, नमुन्यांची अदलाबदल तिथेच पकडली जाते. नातेवाईकही शोधा, यूके बायोबँकेत जवळपास ३० टक्के सहभागींचा तिसऱ्या पातळीपर्यंतचा, म्हणजे चुलत भावंडांइतका जवळचा, कुणीतरी नातलग त्याच समूहात निघाला. ते न धरता गणित केलं तर निष्कर्ष फसवे येतात.

संमतीपत्रात आरोग्यनोंदी आणि मृत्यूनोंदी जोडण्याची परवानगी पहिल्याच दिवशी घ्या, नाहीतर हाती उरेल ते फक्त गोठवलेल्या रक्ताचं गोदाम. माघार घेणाऱ्याच्या नमुन्याचं काय करायचं आणि बीआरसीए१ सारख्या (स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या) जनुकात धोक्याचा बदल सापडला तर कळवायचं की नाही, हे भरतीआधीच लिहून ठेवा. ३० पट खोलीचा (प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचलेला) एक जीनोम आकुंचित करूनही पंधरा-वीस गिगाबाइट जागा घेतो. लाखाचे होतात दीड-दोन पेटाबाइट. त्याच्या प्रती वाटत बसू नका, संशोधकांनाच सुरक्षित सर्व्हरवर येऊन काम करू द्या.

आणि पूर्ण भरतीआधी पाचशे-हजार जणांची एक पथदर्शी फेरी करा. तिच्या शेवटी यादीतले कोणतेही पन्नास क्रमांक काढून त्या कुप्या फ्रीझरमधून शोधायला सांगा. एकही चुकीच्या जागी निघाली, तर भरती थांबवून आधी नोंदवहीची पद्धत बदला.