बसऱ्याहून न परतलेले पणजोबा

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमच्या जुन्या घराच्या पेटीत काशासारख्या धातूची एक गोल तबकडी आणि एक चांदीचे पदक सापडले. तबकडीवर सिंह, त्रिशूळ घेतलेली स्त्री आणि पणजोबांचे नाव आहे. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याला गेले आणि परतले नाहीत, एवढेच घरात सांगतात. श्राद्ध मात्र पूर्वीपासून घातचतुर्दशीला होते. त्यावरून ते लढाईत पडले असे धरावे का? त्यांची पलटण आणि मृत्यूची तारीख पुण्यात राहून शोधता येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : त्या युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या वारसांना ब्रिटिश सरकारने अशा तबकड्या पाठविल्या होत्या. तिच्यावर हुद्दा किंवा पलटण मुद्दामच घातलेली नसे. मरणात लहानथोर असा भेद नको, हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे आपल्या शोधाची खरी किल्ली पदकात आहे. भिंगातून पदकाची कड पाहावी. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कृपा करून ते चिंच लावून घासू नये, कारण झिजलेली अक्षरे पुन्हा उमटवता येत नाहीत.

कडेवर १०३, ११० किंवा ११७ मराठा अशी पलटण असेल, तर ती सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमधली. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये आजच्या इराकमधील तैग्रिस नदीकाठच्या कुत येथे तुर्की वेढ्यात अडकली आणि उपासमारीने हतबल होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. साध्या शिपायांना बगदाद आणि मोसुलवरून वाळवंटातून पायी चालविण्यात आले, त्यांतील अनेक हिंदी कैद्यांना आजच्या सीरियातील रास अल-ऐन येथे रेल्वेच्या कामाला जुंपले, आणि वाटेत व छावण्यांत भूक, हगवण व उष्म्याने असंख्य जण गेले.

म्हणूनच घातचतुर्दशीच्या प्रथेवरून लढाईतील मृत्यू सिद्ध होत नाही. शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी ती तिथी असली, तरी ‘युद्धात वारले’ एवढीच वार्ता हाती आलेल्या घराने तो घातच मानला असेल, तर त्यात नवल नाही. घरातील ही आठवण जरूर लिहून ठेवावी. निर्णय मात्र लेखी नोंदीवरून करावा.

ती नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मृत्यू पावलेल्या, पण ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा ४०,००० हून अधिक जणांचे स्मारक बसऱ्याजवळ १९२९ मध्ये उभारले गेले. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, हवालदार, नाईक आणि शिपाई यांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या घातली. आपल्या गावोगावच्या ‘या गावातून इतके गेले, इतके मेले’ अशा शिळांवरही हाच हिशेब दिसतो, आणि तो अन्यायच होता. अशा असमान वागणुकीची कबुली आयोगाने २०२१ च्या अहवालात दिली आहे. सुदैवाने नोंदवह्यांत नावे राहिली आहेत. इंग्रजी कारकुनांनी शिंद्यांचे ‘सिंदे’ आणि रावजीचे ‘रौजी’ केले असण्याची शक्यता गृहीत धरून केवळ नावावर विसंबू नये. पलटण आणि क्रमांक यांवरून शोधावे. पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही मिळते, तेव्हा पणजोबांची ओळख पटविणे शक्य व्हावे. कैदेत गेलेल्यांच्या बाबतीत तारीख मात्र अंदाजाची असू शकते.

पुण्यातील अनेक जण यासाठी प्रथम खडकीच्या युद्धस्मारकाकडे धाव घेतात, परंतु तेथे पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतातच मृत्यू पावलेल्यांची नावे आहेत. बसऱ्याला गेलेल्या माणसाचे नाव तेथे मिळणार नाही. घोरपडी येथील राज्य सैनिक कल्याण विभागात मार्गदर्शन मागावे, आणि बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पदकाच्या कडेच्या स्पष्ट छायाचित्रासह पत्र लिहावे. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ ची पहिली, ११० ची तिसरी आणि ११७ ची पाचवी बटालियन झाली, म्हणून पत्रात जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक द्यावेत.