शॉन केली आणि वाघबीळचा उतार

प्रश्न : काका, मागच्या अंकात तुम्ही शॉन केलीला मोठ्या सायकलपटूंच्या पंगतीत बसवलंत. पण तो टूर द फ्रान्स एकदाही जिंकला नाही, मग मोठा कसा? आणि दुसरं, पन्हाळ्याचा चढ मी आता कुठंही पाय न टेकता चढते, पण उतरताना पार वाघबीळपर्यंत हात ब्रेकवरून निघत नाहीत. काय करू?
– एक वाचक, वय १७, कळंबा

उत्तर : पोरी, तुझे दोन्ही प्रश्न एकाच उतारावर येऊन मिळतात, बघ.

टूर तो जिंकला नाही, खरं आहे. १९८५ साली चौथा आला, त्याच्या वर कधी गेला नाही. पण सायकलिंगचं वर्ष काही जुलैच्या तीन आठवड्यांत संपत नाही. मार्चमधली पॅरिस-नीस शर्यत त्यानं १९८२ ते १९८८ अशी ओळीनं सात वर्षं जिंकली. दगडी रस्त्यांवरची पॅरिस-रूबे दोनदा, शरदातली लोम्बार्डी तीनदा. टूरमध्ये सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याला मिळते ती हिरवी जर्सी चारदा. आयर्लंडच्या शेतकऱ्याचा पोरगा हा. ऊन-पाऊस न बघता वर्षभर राबायचा.

मला मात्र आठवते ती १९८७ ची वुएल्ता, म्हणजे टूरसारखीच स्पेनमधली तीन आठवड्यांची शर्यत. केली सगळ्यांच्या पुढं होता, मोजके दिवस उरले होते, आणि सीटवर बसून बसून झालेल्या गळूपायी त्याला शर्यत सोडावी लागली. ते दुखणं काय असतं, हे मला विचार. मुंबई-पुणे शर्यतीत मी त्या दुखण्यापायीच उभ्यानं पायडल मारत खोपोलीपर्यंत गेलो आणि घाट सुरू व्हायच्या आत सायकलवरून उतरलो. त्यानंतर त्या शर्यतीला मी गेलोच नाही, ते आजही सलतं. केली दुसऱ्याच वर्षी परत गेला आणि वुएल्ता जिंकून आला.

आता उतार. १९९२ ची मिलान-सान रेमो, जवळजवळ तीनशे किलोमीटरची. केली पस्तिशीचा, त्याचे दिवस सरले असं सगळे धरून चाललेले. शेवटच्या पोज्जोच्या टेकडीवर इटलीचा मोरेनो आर्जेन्टिन एकटा सुटला. केलीनं अंतर तोडलं ते उतारावर. ती चित्रफीत मी मिरजकर तिकटीजवळच्या सायकलच्या दुकानात बघितली. हातातल्या ट्यूबवर लावलेलं सोल्युशन वाळून गेलं, तरी पॅच चिकटवायचं भान नव्हतं. नीट बघ : वळणाच्या आत त्याची नजर पुढच्या रस्त्यावर पोचलेली असते. शेवटच्या किलोमीटरात त्यानं आर्जेन्टिनला धरलं आणि रेषेवर मागं टाकलं. दोन वर्षांनी, १९९४ ला, तो निवृत्त झाला.

तुझं हेच चुकत असणार. भीतीनं तू पुढच्या चाकाकडं बघतेस आणि ऐन वळणात ब्रेक दाबतेस. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना मार. मग सोड. हात हँडलच्या खालच्या वाकावर, कोपर सैल. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय खाली, सगळा भार त्याच पायडलवर. वळण जिथं संपतं तिथं बघ.

केलीचा रस्ता शर्यतीसाठी बंद होता, तुझ्यासमोर एसटी येणार. म्हणून आपली डावी बाजू सोडायची नाही, आणि वेग मोकळ्या रस्त्याइतकाच. आधी एकच वळण निवड. रविवारी पहाटे तेवढंच दहा वेळा उतर, पुन्हा चढून ये. आणि निघण्याआधी ब्रेकची रबरं बघून घे. इतके दिवस दाबून दाबून ती झिजली असतील.