वैश्विक महानगर, जागतिक शहर आणि क्षत्रपाचा जावई

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलं आहे: “मुलीला एम.ए.ला ‘ग्लोबल सिटी’ हा विषय आहे. एका पुस्तकात त्याला ‘वैश्विक महानगर’ म्हटलंय, दुसऱ्यात ‘जागतिक शहर’. दोन्ही एकच का? परीक्षेत काय लिहावं? शिवाय तिचे सर म्हणतात, ‘शहर’ हा फारसी शब्द आहे, तो टाळून ‘नगर’ लिहा. हे बरोबर आहे का?”

परीक्षेत ‘जागतिक शहर’ लिहायला सांगा. सरांशी मी बोलतो.

‘वैश्विक’ला फार वेळ देत नाही. हिंदी बातम्यांचे घाईघाईत अनुवाद होतात, त्यातून हा आपल्याकडे शिरला. जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना, जागतिकीकरण हे सगळं मराठीत सुरळीत चाललेलं असताना मधेच ‘वैश्विक मंदी’ कशाला? मराठी माणसाला ‘वैश्विक’ म्हटलं की अंतराळातून येणारे वैश्विक किरण आठवतात. आणि ‘विश्व’ म्हटलं की पसायदान. ज्ञानेश्वरांच्या विश्वात शेअर बाजार नाही.

‘महानगर’ मात्र सरळसरळ चूक आहे. महानगर डोकी मोजून ठरतं. ७४व्या घटनादुरुस्तीनं व्याख्याच करून ठेवली आहे: १० लाख किंवा त्याहून जास्त वस्ती असलेलं क्षेत्र. जागतिक शहराचा डोक्यांशी संबंध नाही. झुरिकची वस्ती पाच लाखही नाही, तरी जगाचा पैसा तिथे मुक्कामाला असतो. किन्शासात कोटीच्या वर माणसं राहतात, पण जगाच्या व्यवहाराचे दोर काही तिथून हलत नाहीत. सास्किया सासेन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियो ही तीन शहरं घेऊन हेच मांडलं. कारखाने दहा देशांत पांगले, की त्यांची व्यवस्था बघणारे वकील, हिशेबनीस, विमावाले आणि जाहिरातवाले मात्र एका जागी दाटीवाटीनं बसायला लागतात. काम जितकं पांगतं, तितका हुकूम एकवटतो. न्हावा-शेव्याहून निघालेला माल वाटेत बुडाला, तर त्याचं भांडण बऱ्याचदा लंडनला, तिथल्या कायद्यानं चालतं. जागतिक शहर म्हणजे हे. ‘लई मोठं गाव’ नव्हे.

आणि ‘जागतिक दर्जाचं शहर’ तर नव्हेच. आमच्याकडे हमरस्त्यालगत एका गृहसंकुलाच्या कमानीवर पितळी अक्षरांत ‘ग्लोबल सिटी’ असं लिहिलंय. परवा त्या कमानीखाली पाण्याचे दोन टँकर एकमेकांना वाट देत नव्हते आणि मागे रिक्षांची रांग लागली होती. जगातल्या कुठल्या कारखान्याचा निर्णय तिथून होतो, हे मी पहारेकऱ्याला विचारणार होतो. बायकोनं हात धरून पुढे नेलं.

आता सरांचा मुद्दा. फारसी म्हणून टाळा! शब्दाची जात विचारणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, आधी त्याचं आजोळ तरी बघा. मराठी-इंग्रजी कोश करणाऱ्या मोल्सवर्थनं ‘शहर’पुढे फारसी असल्याची खूण केली आणि तो पुढच्या शब्दाकडे वळला. त्यानंतरचे आपले बरेचसे कोश तीच खूण उतरवत आले. कुणालाही त्या शब्दाच्या घरी जाऊन यावंसं वाटलं नाही. मी जाऊन आलोय.

अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, एक शब्द आहे, ‘ख्शथ्र’. अर्थ: सत्ता, राज्य. मोठ्यानं म्हणून बघा. ‘ख्श’च्या जागी संस्कृतचा ‘क्ष’ ठेवा आणि ‘थ्र’च्या जागी ‘त्र’. काय झालं? क्षत्र! क्षत्रियातलं क्षत्र. दोघे सख्खे भाऊ, एक सिंधूच्या अलीकडे राहिला, एक पलीकडे. पलीकडच्याचा ‘थ्र’ पुढे झिजून ‘हर’ झाला. ही झीज मी माझ्या सोयीसाठी शोधलेली नाही. ‘मित्र’ शब्दाचं तिकडे तेच झालं. मित्र, मिथ्र, मिहर, आणि आपल्याकडे पत्रांच्या मायन्यातला ‘मेहेरबान’. मित्राचा मेहेर होतो, तसं क्षत्राचं शहर होतं. सर ‘शहर’ बाहेर काढणार आणि ‘क्षत्रिय’ घरात ठेवणार, म्हणजे एकाच आईच्या दोन लेकरांत भेद करणार.

आणि गंमत पुढेच आहे. ‘शहर’ म्हणजे गाव हा अर्थ फार नंतरचा. इराणच्या सासानी राजांच्या काळात ‘शहर’ म्हणजे अख्खं राज्य. त्यांच्या साम्राज्याचं नावच ‘एरानशहर’ होतं. फारसीत ‘शहरयार’ म्हणजे राजा. मुंबईच्या पारशांना विचारा, त्यांच्या पंचांगातला सहावा महिना ‘शहरेवर’. त्याचा अर्थ ‘इष्ट राज्य’ असा आहे. आपल्याला त्यातही नगरपालिकाच दिसते, हा भाग वेगळा.

याच कुळातला ‘शाह’. त्याच्यापासून बुद्धिबळातला ‘शह’, आणि मग आपलं शह-काटशहाचं राजकारण. तोच ‘शह’ अरबांबरोबर युरोपात गेला, तिथे ‘चेक’ झाला, आणि पुढे बँकेत वटवायच्या कागदालाही तेच नाव पडलं. म्हणजे शहरातल्या बँकेत चेक टाकताना आपण एकाच खानदानातल्या दोघांची गाठ घालून देत असतो. (‘शहाणा’ मात्र यांच्यातला नाही. तो ‘सज्ञान’चा वंशज. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला ते नातं जोडून पाठवतं. कृपा करून पाठवू नका.)

इथे कुणीतरी कालिदास काढणार, म्हणून आधीच सांगतो. रघुवंशात दिलीप राजा सिंहाला सुनावतो, ‘क्षतात् किल त्रायते’, म्हणजे इजेपासून वाचवतो तो क्षत्र. ओळ सुंदर आहे, व्युत्पत्ती खोटी आहे. क्षत्र आलंय ते राज्य करणं या अर्थाच्या वैदिक ‘क्षि’ धातूवरून. जखमेचा काही संबंध नाही. खुद्द कालिदासानं ‘किल’ घातलंय, म्हणजे ‘म्हणे’. त्यानं अंग काढून घेतलं, पण आपले शिक्षक ‘म्हणे’ गाळून तीच ओळ पुरावा म्हणून फळ्यावर लिहितात.

आता तुम्ही नाशिकचे, म्हणून तुमच्या दारातला पुरावा देतो. मुलीला घेऊन रविवारी पांडवलेणी चढा आणि दहाव्या लेण्यात उभे राहा. तिथल्या शिलालेखात उषवदात नावाचा गृहस्थ स्वतःची ओळख करून देतो: क्षहरात कुळातल्या क्षत्रप नहपान राजाचा जावई. ‘क्षत्रप’ म्हणजे तेच ‘ख्शथ्र’ अधिक ‘पा’. हा ‘पा’ म्हणजे भूप आणि गोप यांतला, सांभाळणारा. म्हणजे आपण आज ज्याला शहर म्हणतो, त्याचं मूळ रूप दीड-दोन हजार वर्षांपूर्वी तुमच्या डोंगरावर कोरून ठेवलंय. त्यावर फारसीचा शिक्का मारायचा, तर आज आपण जिला फारसी म्हणतो, ती भाषा आधी तेव्हा तयार झालेली असावी लागेल!

हा जावई काय म्हणतो, तेही ऐका. भिक्षूंसाठी त्यानं ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. २००० एका श्रेणीकडे, शेकडा दरमहा १ या व्याजानं, आणि १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजानं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४०. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. हिशेब दमडीला जुळतो. वर हे सगळं निगमसभेत, म्हणजे गावच्या सभेत, वाचून दाखवलं आणि तिथे नोंदवलं, हेही कोरलंय. हिंदीवाले महापालिकेला ‘नगर निगम’ म्हणतात, त्यातला निगम हाच.

आणि हा काही कोपऱ्यातला कारभार नव्हता. त्याच सुमाराच्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठणचे आणि तेरचे गाडे भडोचच्या बंदरात उतरताना दिसतात. तेरहून मलमल यायची, पैठणहून गोमेदासारखे दगड, आणि समोरून इटलीची दारू आणि सोन्याचांदीची नाणी. तोच खलाशी कल्याणबद्दल तक्रार करतो. पूर्वी तिथे उघड व्यापार चाले, आता चुकून एखादं ग्रीक जहाज कल्याणला लागलं, तर पहारा लावून त्याला भडोचला नेतात. बंदर एकाचं मारायचं आणि माल आपल्याकडे वळवायचा! भडोचचा राजा म्हणून त्यानं ‘नंबानुस’ हे नाव दिलंय, आणि बहुतेक अभ्यासक त्याला आपला नहपानच मानतात. म्हणजे माझं म्हणणं असं: जागतिक व्यवहाराचा दोर कुणाच्या हातात, ही मारामारी ज्यांनी आपल्याकडे केली, त्यांच्या पदवीतच ‘शहर’ होतं.

म्हणून मला ‘जागतिक शहर’ हा जोड फार आवडतो. ‘शहर’ शब्द राज्यापासून आकसत गावापर्यंत आला, आणि आता लंडनचा एका चौरस मैलाचा ‘सिटी’ भाग किंवा सिंगापूर बघा, राज्यांना जमत नाही ते शहरं करून दाखवतात. शब्द आपल्या जुन्या अर्थाकडे निघालाय. एका भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, हा योगायोग आहे. असेल. त्यांना ‘मेहेरबान’चीही व्युत्पत्ती माहीत नव्हती.

जागतिक शहराचं जुनं उदाहरण म्हणून मलाक्काचं, मलेशियातल्या जुन्या बंदराचं, राहिलंच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तोमे पिरेश नावाचा पोर्तुगीज तिथे होता. बंदरात ८४ भाषा बोलल्या जातात, असं त्यानं लिहून ठेवलंय. परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार अधिकारी होते, त्यांतला एक खास गुजरात्यांसाठी. त्या अधिकाऱ्यांचं पद ‘शाहबंदर’. पुन्हा तोच शाह! अशा गावाला ‘वैश्विक’ म्हणून काय कळणार?

हो, ‘दोन्ही एकच का’ हे विचारलं होतं. पुस्तकांतले ते दोन्ही शब्द एकाच ‘ग्लोबल सिटी’चे अनुवाद. इंग्रजीत मात्र ‘वर्ल्ड सिटी’ आणि ‘ग्लोबल सिटी’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मुलीला सांगा, त्यावर गुण जातात. पहिला जुना आहे. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारांनी तो १९१५ मध्ये वापरला. हेच गेडिस १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला होते. पुढे पीटर हॉल या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञांनी १९६६ मध्ये तो उचलला. सासेनबाईंनी मात्र मुद्दाम ‘ग्लोबल’ घेतला. बड्या राजधान्या पूर्वीही होत्या, आत्ताची गोष्ट निराळी आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. मराठीत दोन्हींना ‘जागतिक’ लावलं तर घोटाळा होतो. तेव्हा गेडिस आणि हॉल यांच्या अर्थाला हवं तर ‘विश्वनगरी’ म्हणा. ‘विश्व’ आणि ‘नगर’ दोन्ही एकदम खपतात, सरही खूश.

सरांना एक पान मात्र मीच हातात देतो, त्यांना ते सुचलेलं दिसत नाही. ‘जगत्’ हे ‘गम्’ धातूवरून आलं: जे सारखं चालत असतं ते. आणि संस्कृत वैयाकरण ‘नगर’ फोडतात ते ‘नग’पासून. न गच्छति, जो हलत नाही तो नग, म्हणजे डोंगर, आणि डोंगरांएवढे वाडे जिथे ते नगर. ही दुसरी फोड मला पटत नाही. पण ती खरी मानली, तर ‘जागतिक नगर’ म्हणजे सतत चालणाऱ्याचं न हलणारं ठिकाण. सासेनबाईंचा सिद्धांत दोन शब्दांत! सरांनी फारसीचा बाऊ करण्याऐवजी हे म्हटलं असतं, तर मी एवढं लिहीत बसलो नसतो.